जनीचं जातं आणि भगीरथाचे एकवीस नियम

पडदा वर जावा तसं शटर वर गेलं. आधी खालून उजेडाची एक पट्टी आत शिरली, मग फरशी दिसली, मग चार कोरीव पाय, आणि मग सगळा रंगमंच उघडा पडला. सतरा नंबरच्या गाळ्यात लाल मखमलीचा सोफा बसला होता. राजवाड्याच्या प्रवेशाला मांडतात तसला, पाठीला सोनेरी वेलबुट्टी असलेला. बाजूला टीव्हीचा खोका, गुंडाळलेली गादी आणि भिंतीला टेकवलेली लहान मुलाची सायकल.

जनीनं आत पाहिलं. मग ती बाहेर आली आणि भिंतीवर रंगवलेला आकडा तिनं बोटानं गिरवून पाहिला. एक आणि सात. आकडा बरोबर होता.

"ह्ये कुनाचं?" तिनं विचारलं. "माजं जातं कुठाय?"

गाळ्यांचा व्यवस्थापक किशोर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "मावशी, तुमचा गाळा कधीच खाली केला. मेसेज टाकलेला ना तुम्हाला."

"माज्या फोनवर बोलायचं असतं रे. वाचायचं नसतं."

फाटकाशी भाड्याचा टेम्पो घरघरत उभा होता. चार महिन्यांनी सामान घरी न्यायला म्हणून ती आली होती, केसात अबोलीचा गजरा माळून.

शहापुराहून मुरबाडला जाताना किन्हवली सोडली की उजव्या हाताला निळ्या पत्र्यांची एक लांबलचक शेड लागते. तिच्यावर पाटी आहे, 'सुखठेव'. आत चाळीस गाळे. ज्यांच्या घरात सामान मावत नाही त्यांनी ते महिन्याच्या भाड्यानं इथं ठेवायचं, कुलूप आपलं, किल्ली आपल्याकडे. भातसानगरच्या वसाहतीतून निवृत्त झालेले लोक क्वार्टर सोडताना इथं कपाटं ठेवतात. मुंबईच्या लोकांचं बंगल्यात न मावलेलं इथं येतं. आणि या सगळ्यांत एक जनी.

ही जनी कोण, ते या दोन तालुक्यांत कुणाला सांगावं लागत नाही. पण तुम्ही लांबचे असाल म्हणून सांगायचं. जनी धवलारीण. इकडच्या लग्नात भटजी यायच्या आधी धवलारीण येते. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी. हळद तिच्या गाण्यावर दळली जाते, नवरी तिच्या गाण्यावर पाटावर बसते. वय अडुसष्ट. अंगानं काटकी. पण आवाज असा की मांडवाच्या शेवटच्या खांबाशी बसलेल्या बहिऱ्या म्हातारीलाही शब्द कळावा. माईक नाही, पेटी नाही. असा आवाज मिळावा म्हणून नाटकातली माणसं नवस बोलतात आणि तरी त्यांना तो मिळत नाही. चारशे गाणी तिला पाठ होती, सगळी कानानं घेतलेली. लिहिण्याच्या नावानं तिला फक्त स्वतःचं नाव येत होतं, साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं, 'ज'ची शेपटी जरा जास्तच लांब.

आणि जातं तिच्या आईचं. आईसुद्धा धवलारीणच. काळ्या दगडाच्या दोन जाड तळ्या, वरच्या तळीच्या कडेला छिन्नीनं पाडलेले पाच ठिपके. आसपासच्या बारा पाड्यांतल्या नवऱ्यांची हळद साठ-सत्तर वर्षं या जात्यावर दळली गेली. लग्न कुणाच्याही घरी असो, जातं बैलगाडीतून, पुढं टेम्पोतून तिथं जायचं आणि जनी पाठोपाठ.

मागल्या वर्षी म्हसा गावची जत्रा उठली आणि जनीचं कुडाचं घर उतरवायला घेतलं. घरकुल मंजूर झालं होतं. सून सोनाली म्हणाली, जातं अंगणात राहू दे, एवढा जड दगड कोण नेतो. पण जनीला माहीत होतं कोण नेतो ते. टेम्पो घेऊन माणसं फिरत होती. जुनी जाती, उखळं, पाटे-वरवंटे उचलायचे आणि फार्महाऊसवाल्यांना विकायचे. बागेत शोभेला लावतात म्हणे. शेजारच्या पाड्यातून एका रात्रीत तीन उखळं गेली होती. म्हणून जनीनं जातं, पत्र्याची पेटी आणि तांब्याची भांडी सुखठेवला ठेवली. चार महिन्यांचं भाडं एकदम, आगाऊ. किशोरनं नियमांचा कागद पुढं केला, तिनं जीभ दातांत धरून सही केली. शेपटीसकट.

निघताना तिनं पदराच्या गाठीतून मूठभर तांदूळ काढले आणि जात्याच्या तोंडात घातले. जातं बंद करून ठेवायचं तर त्याचं तोंड रिकामं ठेवायचं नसतं. आई असंच करायची. जे घरादाराला खाऊ घालतं त्याला उपाशी निजवायचं का? बस, एवढंच तिच्या हातून झालं.

त्या तांदळाच्या वासानं उंदीर आले. उंदरांनी आधी तांदूळ खाल्ले, मग शेजारच्या अठरा नंबरमधली गादी कुरतडली. किशोरनं कुलूप तोडून सतरा उघडला, दंड लावला, मोबाइलवर निरोप टाकला. तीस दिवस गेले. एकविसावा नियम असा होता की तीस दिवसांत दंड न आल्यास सामान कंपनीचं.

"पेटी आणि भांडी ठेवलीत बाजूला," किशोर म्हणाला. "शेठनीच सांगितलं, म्हातारीचं आहे, देऊन टाक."

"आनि जातं?"

किशोरनं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

शेठ म्हणजे भगीरथ. परका नव्हे, दोन पाडे सोडून त्याचं गाव. बापानं रस्त्याकडेची जमीन राखली, त्यानं तिच्यावर शेड घातली. त्याच्या लग्नात जनीच गायली होती. शेडच्या टोकाला काचेच्या केबिनमध्ये तो बसला होता.

"ये काकी, बस. चहा घे."

"चा नको. जातं दे."

"त्यो दगड होय? काकी, नियम अकरा. धान्य ठेवायचं नाय. तू तांदूळ ठेवलेस."

"मूठभर रे. जात्याच्या तोंडात."

"मूठ काय आनि पोतं काय, उंदराला सारखंच. गादीवाला माज्या अंगावर आला. आता तुला सोडलं तर उद्या चाळीस गाळ्यांत पोती येतील."

"मी भाडं दिलंय. एक दिवस थकवलं नाय."

"भाड्याचं कोन बोलतंय? नियमाचं बोलतोय." त्यानं कागद पुढं सरकवला आणि त्या लांब शेपटीवर बोट ठेवलं. "सही केलीस ना, काकी? मग झालं तर. म्हशाच्या जत्रंत नवी जाती येतात, हलकी, एका हातात उचलशील. एक घेऊन देतो तुला."

हलकी हा शब्द जनीच्या काळजात रुतला. पण ती भांडली नाही. हंबरडा फोडायची जागा आणि गप्प राहायची जागा तिला ओळखता येत होती. तिनं फक्त एक मागितलं.

"त्यो कागद दे मला."

"घे की," भगीरथ म्हणाला आणि मोठ्या मनानं झेरॉक्स काढून दिली.

शहापूरच्या एका वकिलानं तो कागद वाचला, सही पाहिली आणि मान हलवली. केस करता येईल म्हणाला, पण चपला झिजतील. मग आठेक दिवसांनी बाईजा आली. बाईजा जनीची साथीदारीण. जनीनं ओळ टाकायची, बाईजानं ती उचलायची, तीस वर्षांची जोडी. ती भगीरथाच्या नव्या फार्महाऊसवर गवत काढायच्या कामाला जात होती.

"जने, बस आधी," बाईजा म्हणाली. "तुजं जातं मी बघितलं. खालची तळी पायरीशी शिमिटात बसवलीय. लोक तिच्यावर चपला पुसून आत जातात."

"आनि वरची?"

"वरच्या तळीच्या भोकात दिव्याचा खांब रोवलाय. शेजारीच."

जनीनं चुलीतली लाकडं मागं ओढली. भात अर्धा शिजला होता. त्या दिवशी घरात सगळ्यांनी अर्धा शिजलेला भात खाल्ला आणि कुणी तक्रार केली नाही.

संताप सगळ्यांनाच येतो. कुणी तो ओकून मोकळा होतो, कुणी गिळतो आणि आजारी पडतो. जनीनं आपल्या संतापाला तालमीला बसवलं. रोज दुपारी सोनालीनं कागद वाचायचा आणि जनीनं डोळे मिटून ऐकायचं.

"आत्याबाई, नियम पाच. ठरलेल्या वेळेनंतर आल्यास प्रवेश नाही."

"पुन्यांदा."

"कशाला पाठ करताय? परीक्षा हाय का?"

"हाय. पुन्यांदा वाच."

पावसाळा संपेस्तोवर एकवीसच्या एकवीस नियम तिला पाठ झाले. भात कापताना ती ते पुटपुटायची. मग त्यांना चाल लागली. चाल ती मुद्दाम लावत नव्हती; तिच्या तोंडातून कुठलाही शब्द वारंवार गेला की तो आपोआप डोलायला लागायचा.

मार्गशीर्षात भगीरथाच्या मुलीचं, भावनाचं लग्न ठरलं. डीजे ठरला, ड्रोनवाला ठरला. पण भगीरथाची आई राही, ऐंशीची म्हातारी, हटून बसली. धवला नाही तर लग्न नाही, आणि धवला म्हणजे जनीच. भगीरथाला त्यात काही अडचण दिसली नाही. त्याच्या लेखी जात्याचा विषय कधीच मिटला होता. दुखवणाऱ्याची आठवण नेहमीच कच्ची असते.

धवलारणीला आवतण द्यायची इकडे रीत आहे. घरच्या कर्त्या पुरुषानं स्वतः यायचं आणि तिच्या उजव्या हातात सुपारी ठेवायची. एकदा ती सुपारी तिच्या मुठीत गेली की ती परत मागता येत नाही आणि मांडवातलं गाणं तिचं. काय गायचं, किती गायचं, हे तिला कुणी सांगायचं नाही, आणि गाणं चालू असताना तिला कुणी अडवायचं नाही. मध्ये कुणी खंड पाडला तर मुलीच्या संसारात खंड पडतो असं मानतात.

भगीरथ नव्या गाडीतून आला. ओट्यावर बसला. त्यानं सुपारी पुढं केली. जनीनं लगेच हात पुढं केला नाही.

"इचार करून दे रे," ती म्हणाली.

"इचार कसला, काकी? तुज्याशिवाय हळद होनार का आमची?" आणि त्यानं सुपारी तिच्या तळव्यावर ठेवली.

जनीनं मूठ मिटली. "दिलीस ना? मग झालं तर."

आपलेच शब्द परत आले आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

बाईजा मात्र घाबरली होती. "पोरीची हळद हाय, जने. तिनं काय वाकडं केलंय तुजं?"

"पोरीला मी पैलं आशीर्वाद देनार. मग बापाकडं बघनार. तू फकस्त ओळ उचल. सोडू नको."

हळदीचा दिवस. सकाळचे दहा. मांडव फार्महाऊसच्या हिरवळीवर. झेंडूच्या माळा, पांढऱ्या खुर्च्या, नवऱ्याकडची पंधरा-वीस माणसं साडी-ओटी घेऊन भिवंडीकडून आलेली. येणारा प्रत्येक जण पायरीशी थांबून त्या काळ्या दगडावर चपला पुसत होता. जनी आली. तिनं वहाणा फाटकातच काढल्या, दगडाला वळसा घातला आणि बाजूच्या मातीतून चालत मांडवात गेली. हे कुणी पाहिलं नाही. राहीनं पाहिलं.

पाटावर भावना बसली. भोवती बायका. जनीनं खाकरून गळा मोकळा केला आणि पहिला धवला लावला. मांडव गप्प झाला. पहिली दोन गाणी इतकी गोड झाली, की नवऱ्याच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. तिसरं गाणं त्याच चालीवर, त्याच लयीत उचललं गेलं.

*पयला नेम गो ऐका, सयांनो, पयला नेम,*
*म्हयन्यात दोनदा दार, तिसऱ्याला पडंल दाम.*

बाईजानं ओळ उचलली. सवयीनं बायकांनीही उचलली. नेमाधर्माचं काही असेल असं त्यांना वाटलं.

*पाचवा नेम गो ऐका, सयांनो, पाचवा नेम,*
*उशिर जर का झाला, फाटकाशी ऱ्हा उभी ठाम.*

आता एकदोन माना वळल्या. नवऱ्याकडच्या एका बाईनं शेजारणीच्या कानात सांगितलं, "हे ते गाळेवाल्यांचं हाय गो. माज्या जावयाचा फ्रीज असाच अडकला व्हता." हसू एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर गेलं. भगीरथ मांडवाच्या कडेला आचाऱ्याशी बोलत होता. त्याचं नाव गाण्यात आलं तेव्हा तो वळला.

*अकरावा नेम गो ऐका, सयांनो, अकरावा नेम,*
*जात्याला भरविला घास, भगीरथ शेट मागे दाम.*

तो पुढं आला. "काकी, पुरे आता."

जनीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बारावा लावला. राहीनं काठी आडवी धरली.

"मधी बोलू नको रे. पोरीची हळद हाय."

"आये, अगो पन ती काय गातेय बघ तरी. अजून किती हाय ह्ये?"

"मला काय ठावं?" राही म्हणाली. "तूच लिवलेस ना?"

मांडव फुटला. नवऱ्याचा मामा तर मांडीवर थाप मारून हसला. भगीरथ रेशमी सदऱ्यात घामाघूम उभा होता. बसताही येईना, जाताही येईना. तेरावा झाला, चौदावा झाला. प्रत्येक नियमाचा अर्थ त्यानं लिहिला होता तोच, पदरचा एकही नियम वाढवलेला नाही. फक्त वाचताना तो कागद कुणाला चावत नव्हता, आणि आता प्रत्येक ओळ ऐंशी बायकांच्या तोंडून त्याच्या अंगावर येत होती.

एकविसावा झाला आणि जनी थांबली.

"आता हळद दळायची," ती साध्या आवाजात म्हणाली. "जातं आना."

घरच्यांनी नवं जातं पुढं केलं. जत्रेतलं, ऑइलपेंटची फुलं काढलेलं. जनीनं ते एका हातानं उचललं आणि सगळ्यांना दाखवलं. मग खाली ठेवलं.

"ह्याच्यावर मीठ पन दळायचं नाय. माजं गाणं माज्या जात्यावर उतरतं. ते हितंच हाय. आल्यापासून समदे त्याच्यावर पाय पुसताय."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. राही उठली, काठी टेकत पायरीशी गेली, दिव्याच्या खांबाखालच्या तळीवरून बोटं फिरवली. पाच ठिपके.

"भगीरथा," ती म्हणाली, "माजी हळद ह्याच्यावर दळली. तुज्या बायकोची पन. आनि तू ह्याला पायपुसनं केलंस?"

"आये, ते नियमानं..."

"बाबा," पाटावरून भावना म्हणाली. हळू म्हणाली, पण मांडव इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "जातं आना."

चार गडी पहार घेऊन धावले. जनीनं हात वर केला.

"गडी नकोत. ज्याच्या कागदानं गेलं, त्यानं आनावं."

आणि भगीरथानं पहार घेतली. रेशमी सदरा, मनगटावर सोन्याचं कडं, समोर व्याही. त्यानं सिमेंट फोडलं, खांब उपटला. खालची तळी सुटता सुटता तिची एक कड टचकन उडाली. त्या आवाजासरशी जनीचे डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत पाणी नव्हतं. खांद्यावर एकेक तळी घेऊन तो दोन खेपा चालला. सदऱ्यावर सिमेंटचा राखाडी पट्टा, गुडघ्याला चिखल. ड्रोन डोक्यावर घोंघावत होता. त्याला थांबवायचं कुणाला सुचलंच नाही.

जनीनं तळ्या धुतल्या. पदराच्या गाठीतून मूठभर तांदूळ काढले आणि आधी ते जात्याला भरवले. मग हळकुंडं घातली. नवा खुंटा ठोकला, भावनाचा हात खुंट्यावर ठेवला, वर आपला ठेवला आणि राहिलेला धवला पूर्ण केला, शेवटच्या आशीर्वादापर्यंत, एक शब्द न गाळता. उडालेल्या कडेपाशी जातं दर फेऱ्याला अडखळत होतं. पूर्वी अडखळत नव्हतं.

जाताना तिनं नारळ घेतला. साडी घेतली नाही.

पण गाणं मांडवात थांबलं नाही. पुढच्या लग्नात बायकांनी स्वतःहून मागितलं, जनीआजी, ते नेमाचं गाणं म्हण. सरळगावच्या बाजारात भाजीवाल्या ते गुणगुणू लागल्या. डोळखांबच्या पाड्यांत पोरी त्यावर फेर धरू लागल्या. भातसानगरच्या माणसांनी घरी जाऊन आपापले कागद पहिल्यांदा नीट वाचले आणि एकेक करून गाळे सोडले.

पौषात म्हशाची जत्रा भरली. बैलबाजाराच्या कडेला, घोंगड्यांच्या दुकानापाशी जनी बाईजाबरोबर उभी होती. भगीरथ गर्दीतून वाट काढत आला. या वेळी गाडी लांब ठेवून, पायी.

"काकी, अकरावा नियम काढला मी. एकविसावा पन काढला. नवा कागद केलाय, हा बघ." त्यानं घडी उलगडली. "निम्मे गाळे खाली पडलेत. आता त्ये गाणं बंद कर. तुज्या पाया पडतो."

तो खरोखर वाकला. आजूबाजूच्या दोनचार जणांनी पाहिलं. बाईजानं जनीचं कोपर दाबलं; पुरे गो, असं तिला म्हणायचं होतं. जनीनं नव्या कागदाकडे पाहिलं नाही. तिनं कमरेची चंची सोडली, आतून एक सुपारी काढली, न फोडलेली, मार्गशीर्षातली, आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही तुज्या हातची हाय, भगीरथा. ती परत घ्यायचा नियम तुज्या कागदात नाय. मी एकवीसच्या एकवीस पाठ केलेत."